सुखशांती नगर, घर क्रमांक सात

महामाया पहिल्यांदा प्रसेनजितला भेटली तेव्हा त्याच्या तोंडात कपड्यांचे दोन चिमटे होते, खांद्यावर बाळाचं दुपटं होतं आणि हातात कुणाचं तरी हिरवं लुगडं.

खरं तर ती त्याच्याकडे आलीच नव्हती. ती आली होती रस्त्यापलीकडच्या ले-आउटातलं घर पाहायला. तिथला दलाल चार वाजता येतो म्हणाला होता, आणि साडेचार झाले तरी त्याचा पत्ता नव्हता. फोन लावावा तर बंद. पौषातलं ऊन कलायला लागलं होतं, जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरांमधून उडालेला कापूस बाभळींना चिकटला होता, आणि तिच्या घशाला तर नुसती कोरड पडली होती. अलीकडच्या बाजूला अकरा घरांची एक रांग दिसली. दोन-तीन अंगणांत दोऱ्या बांधलेल्या, त्यांवर कपडे. जिथे कपडे तिथे माणसं आणि जिथे माणसं तिथे पाणी, असा सरळ विचार करून ती 'सुखशांती नगर' लिहिलेल्या कमानीखालून आत शिरली.

"प्यायला पाणी मिळंल काय हो?"

तो असा दचकला की एक चिमटा खाली पडला. "पानी? नाई... म्हंजे हाये ना. माह्या बाटलीतलं चालंल काय?"

तिने बाटली घेतली, दोन घोट प्यायली आणि दुपट्याकडे पाहिलं. "हे कोणाचं?"

"पाच नंबरच्या काकूच्या नातवाचं. त्या बजारात गेल्या. मले म्हने, तेवढं वाळू घालून दे."

"आन् तुम्ही घालता?"

"काऊन? गड्यानं घातले तर वाळत नाईत काय?"

महामायाला हसू आलं. टपाल कार्यालयाच्या काउंटरवर बसून आठ वर्षांत तिने हजारो पुरुष पाहिले होते. रांग मोडणारे, पेन मागून परत न करणारे, 'ताई' म्हणत म्हणत डोळ्यांनी भलतंच बोलणारे. पण शेजारणीच्या नातवाचं दुपटं सुरकुत्या काढून, दोन्ही कोपरे जुळवून दोरीवर घालणारा एकही पाहिला नव्हता. वर दिसायलाही बरा होता. सावळा, उंच, आणि हसताना उगाच मान खाली घालणारा.

"सात नंबर दाखवू का? रिकामं हाये."

"मी पलीकडचं पाहायले आली."

"पलीकडचा आला काय? नाई ना. मग जो आला त्याचं पाहा."

तर अशी ती सात नंबरच्या घरात गेली.

आता तिला घर का हवं होतं तेही सांगायला पाहिजे. तिची आई भिमाबाई हिच्या वाट्याला साखरखेर्ड्याकडे थोडं शेत होतं. हलकी, मुरमाड जमीन. जन्मभर कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तिकडून समृद्धी महामार्ग गेला आणि ज्या शेतात तूरही धड येत नव्हती त्याला गिऱ्हाईक यायला लागलं. भिमाबाईने ते विकलं. आलेल्या पैशातून एक घर होणार होतं, एकदाच. चुकलं तर दुसरं शेत नव्हतं. पुण्याचे दाजी रोज फोन करून सांगत की वाघोलीत फ्लॅट घ्या, भाड्याने द्या, तुम्ही खामगावात भाड्यानेच राहा. भिमाबाई म्हणायची, "मले भाडं नको, मले दार पाहिजे. आन् घर पाहू नको मायाबाई, शेजार पाह्य. भिंती काय बोलतेत?"

खामगावात कोण कुठल्या रस्त्याला राहतो एवढं कळलं की त्याची ऐपत कळते. शेगाव रस्त्याला हात लावायची सोय नाही. नांदुरा रस्त्यावर दुकानदारांची घरं. या चिखलीकडच्या रस्त्यावर पलीकडच्या बाजूला गेल्या दोन वर्षांत सगळं विकलं गेलं होतं. आणि अलीकडे, फक्त वीस पावलांवर, तेवढंच घर निम्म्या भावात.

"निम्म्या भावात काऊन?" तिने विचारलं.

प्रसेनजित खिडकी उघडत होता. त्याचा हात कडीवरच थांबला. "रस्त्याची ही बाजू लोकाइले अजून कळली नाई," तो म्हणाला.

खिडकीतून मागचं मोकळं मैदान दिसत होतं. घाणेरीची झुडपं, एक वाकडी बाभूळ. कुत्रं नाही, कावळा नाही. कुठल्याशा घरात रेडिओ बारीक आवाजात चालू होता, अकोल्याच्या केंद्रावरचे बाजारभाव. त्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. टिप... टिप... टिप.

बाहेर आल्यावर तिला दिसलं. पाच नंबरच्या दोरीवरच्या हिरव्या लुगड्याच्या काठातून पाणी ठिबकत होतं. खाली माती काळीभोर झाली होती. प्रसेनजित पाठमोरा उभा राहून सात नंबरला कुलूप लावत होता. महामायाच्या मनातली शेवटची शंका तिथेच विरली. फेब्रुवारी लागला की जिथे टँकरची वाट पाहायची त्या मुलखात कपडे असे निथळत असतील तर आणखी काय हवं?

"पुन्हा येईन," ती म्हणाली.

"घर पाहायले?"

"मग काय तुम्हाले?"

त्याने मान खाली घातली.

ती पुन्हा आली, तिसऱ्यांदाही आली. कधी खोल्या मोजायला, कधी मोजलेल्या खोल्या पुन्हा मोजायला. प्रसेनजित टेप धरायचा. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक तिच्याकडे, आणि आकडा वाचायच्या आधी दोघंही थोडा वेळ टेप तशीच ताणून धरायचे. तो मूळचा धाड गावचा. खामगावात खोली करून राहायचा आणि ले-आउटचे मालक शंकरराव यांच्याकडे घरं दाखवायचं काम करायचा. स्वयंपाक येतो का, या प्रश्नावर तो म्हणाला, "खिचडी येते. आन् खिचडी बिघडली की वरण येते." घरी आल्यावर ती हे आठवून एकटीच हसत बसली, तेव्हा भिमाबाईने मटार सोलता सोलता वर पाहिलं आणि पुन्हा मटार सोलायला लागली.

पण एक गोष्ट तिला खटकायला लागली होती. तीन वेळा येऊन तिला एकही शेजारी भेटला नव्हता. दोन नंबरच्या दारात म्हाताऱ्याच्या वहाणा, नऊ नंबरच्या दोरीवर कॉलेजच्या पोराची जीन्स, पाच नंबरमध्ये रेडिओ. माणूस मात्र नेमकं आत्ताच कुठेतरी गेलेलं असायचं. तिसऱ्या खेपेला ती दोन नंबरसमोरून गेली तेव्हा वहाणांचे पंजे बाहेरच्या बाजूला होते. अर्ध्या तासाने परतली तेव्हा ते आतल्या बाजूला वळले होते, कुणी नुकतंच घरात शिरावं तसे. ती थबकली. दारावर टकटक करायला हात उचलला, आणि का कोण जाणे, तिच्या हातावर सरसरून काटा आला. तिने हात खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी टपाल वेगळं करता करता तिने हरिओमला विचारलं. हरिओम तिकडच्या भागाचा पोस्टमन, पंचवीस वर्षांचा जुना.

"हरिओमभाऊ, सुखशांती नगरात कोणाकोणाचं टपाल असते?"

"कोणाचंच नाई."

"असं कसं? तीन घरं भरली ना तिथं. विम्याची नोटीस, आधारकार्ड, काही तर येत असंल."

हरिओमने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "म्याडम, पंचवीस वर्सांत मी त्या जागी एक पोस्टकार्ड टाकलं नाई. ते मौजे चिंचबर्डी हाये. बेचिराख."

बेचिराख म्हणजे काय ते महामायाला ठाऊक होतं. सरकारी कागदावर गावाचं नाव आहे, शीव आहे, गट नंबर आहेत. पण दिवा लावायला माणूस नाही असं गाव. हरिओमच्या आज्याने सांगितलेली गोष्ट अशी, की तापाच्या साथीत आठ दिवसांत चिंचबर्डीतल्या चुली विझल्या. उरलेले उठून गेले ते परतले नाहीत. तेव्हापासून त्या बाजूला कुणी घर बांधलं नाही. पलीकडची बाजू वेगळ्या मौज्यात येते, म्हणून तिथला भाव वेगळा. सातबाऱ्यावर 'चिंचबर्डी' वाचलं की गिऱ्हाईक चहासुद्धा न पिता उठतं.

"तुम्ही तिथं घर घेता काय?" हरिओमने हळूच विचारलं.

तिने हातातल्या पाकिटावर जोरात शिक्का मारला. तिला गावाची भीती वाटली नव्हती, तिला राग आला होता. आणि राग घराच्या भावाचा नव्हताच. तो त्या दुपट्याच्या थापेचा होता.

रविवारी इसार द्यायचं ठरलं होतं. महामाया आईला घेऊन गेली खरी, पण पर्समधल्या पाकिटाची चेन तिने घट्ट लावून ठेवली. चारचा सुमार. वारा नव्हता. आईला तिने सात नंबरच्या पायरीवर बसवलं आणि ती प्रसेनजितला घेऊन कमानीपाशी आली.

"पाच नंबरच्या काकूचं नाव काय?"

त्याने खिशातल्या किल्ल्या चाचपल्या.

"दोन नंबरच्या बाबाचं?"

"मॅडम..."

"मले मॅडम म्हनू नका. नाव सांगा."

त्याने मान वर केली. या वेळी तो हसत नव्हता. "कोनी नाई," तो म्हणाला. "एकाही घरात कोनी नाई. शंकरराव म्हनले, मोकळ्या ले-आउटात गिऱ्हाईक पाय ठेवत नाई, वस्ती दिसली पाह्यजे. जुने कपडे आनून देल्ले. रोज मी वाळू घालतो, वहाना ठेवतो, रेडिओ लावतो. सकाळी काढतो. हेच माहं काम हाये."

"आन् माह्यासमोर ते दुपटं..."

"तुमी येसान हे मले माहीत नव्हतं. तुमी पानी मागतलं आन् तोंडातून खोटं निघून गेलं. मंग दुसऱ्या दिवशी खरं सांगू म्हनलं, तर तुमी हसल्या. तिसऱ्या दिवशी पुन्हा हसल्या..." त्याने कमानीच्या खांबाला हात टेकला. "आज सांगनारच होतो. इसार देऊ नका. हे घर घेऊ नका तुमी. गावाचं सोडा, मी ते मानत नाई. पन इथं पानी नाई. बोअर तीनशे फूट गेला, नुसता फुफाटा निघाला. तुमच्या आईच्या शेताचे पैसे हायेत. माही नोकरी जाईल तर जाऊ द्या... तुमी फसलेल्या मले पाहवनार नाई."

तिचा राग अर्धा वितळला होता आणि उरलेला अर्धा ती निकराने धरून होती. पण एक शब्द तिच्या कानात अडकला.

"पाणी नाही?"

"थेंब नाई."

"खोटं बोलू नका आता तरी. कपडे ओले असतात ना."

"कोनते कपडे?"

"पाच नंबरचं लुगडं. निथळत असते रोज. त्यावरून तर मी घर पसंत केलं."

प्रसेनजितने तिच्याकडे असं पाहिलं की तिचा उरलेला राग कुठल्या कुठे गेला. "माया," तो म्हणाला. पहिल्यांदाच म्हणाला, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. "मी कोरडेच घालतो. धुवाले पानी कुठून आनू?"

टिप... टिप...

दोघं चालत पाच नंबरपाशी गेले. अंगणात पाऊल टाकताना तिने त्याचा हात धरला की त्याने तिचा, हे नंतर दोघांनाही सांगता आलं नाही. त्याचा तळवा गार होता. हिरवं लुगडं दोरीवर होतं, ओलंचिंब. शेजारी दुपटं. प्रसेनजितने ते दोन चिमट्यांनी लावलं होतं. आता चिमटे काढून खाली पायरीवर शेजारी शेजारी ठेवलेले होते आणि दुपटं नीट घडी मारून दोरीवर टाकलेलं. तिने ते हातात घेतलं. त्याला शिकेकाईचा वास होता, आणि त्याखाली अगदी पुसट, तान्ह्या बाळाच्या टाळूला लावतात त्या तेलाचा.

"वहानाही फिरतात," प्रसेनजित कुजबुजला. "मी म्हनो कुत्रं असंल. पन इथं तर कुत्रं येतच नाई."

"मग इतके दिवस कोनाले सांगतलं काऊन नाही?"

"सांगून जाऊ कुठी? आन् मंग तुमी यायले लागल्या."

एवढ्या भीतीतही तिला ते ऐकू आलं, नीट ऐकू आलं. काहीतरी उत्तर द्यावं म्हणून ती वळली, आणि तिला सात नंबरची पायरी दिसली. पायरी रिकामी होती.

"आई?"

रेडिओ बंद झाला. त्याला कुणी हात लावला नव्हता. महामाया सात नंबरमध्ये धावली, खोल्या रिकाम्या. प्रसेनजितने दोन नंबर पाहिलं, नऊ नंबर पाहिलं, कमानीबाहेर रस्ता पाहिला. महामाया पुन्हा रिकाम्या पायरीशी आली. दाजींचं ऐकायला हवं होतं, भाड्याच्या घरातही आई राहिली असती, रडत का होईना राहिली असती...

आणि भिमाबाई पाच नंबरच्या मागच्या अंगाने निवांत चालत आली. पदर डोक्यावर, हातात पितळी तांब्या, काठोकाठ भरलेला.

"कुठं गेलती तू?" महामाया रडतच ओरडली.

"शेजारी गेलते. तहान लागली, तुम्ही दोघं तिकडं भांडत बसले. बाईनं बोलावलं तर गेले." तिने तांब्या पुढे केला. "घे, पी. गोडं पाणी हाये."

"कोणत्या बाईनं?"

"पाच नंबरच्या. म्हातारी हाये माह्याएवढी. हिरवं लुगडं नेसती. सून हाये, कडेवर लेकरू हाये. म्हने, लई दिसानं शेजार आला." भिमाबाई पायरीवर टेकली आणि तिने प्रसेनजितला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुह्याबद्दल बी बोलली रे बाबा. म्हने, हे पोरगं रोज कपडे आनून देतंय. आमचे कपडे कोनी आठवणीनं दोरीवर घातले असं किती साल झाले, ठाव नाई. पर कोरडे आनतंय येडं. मंग आम्हीच धुतो. आन् म्हने दुपट्याला चिमटे नको लावत जाऊ, भोकं पडत्यात."

प्रसेनजितने पायरीवरचे दोन्ही चिमटे उचलून खिशात घातले.

"आई, हे पाणी कुठलं?"

"मांगं हीर हाये की."

मागे विहीर नव्हती. नकाशात तिथे 'खुली जागा' एवढंच लिहिलेलं होतं. तरी दोघं गेले. घाणेरी हाताने बाजूला करत, काटे लागत लागत, वाकड्या बाभळीपर्यंत. तिथे जमिनीत दगडांचं एक अर्ध वर्तुळ वर आलं होतं आणि त्यावर मातीने झाकलेली मोठी फरशी होती. फरशीची एक कड नुकतीच सरकवलेली दिसत होती. ओल्या मातीवर बोटांचे ठसे होते, पुष्कळ बोटांचे, लहान-मोठ्या. प्रसेनजितने सगळा जोर लावून ती आणखी सरकवली. आत घडीव पायऱ्या, आणि चार पायऱ्यांखाली पाणी. स्वच्छ, काळंशार, न हलणारं. त्यात महामायाला आपला चेहरा दिसला, शेजारी प्रसेनजितचा. मागे आणखी कुणी वाकून पाहत असल्यासारखं वाटलं, पण तिने मागे वळून पाहिलं नाही. त्यानेही नाही.

"शंकररावांना कळलं की भाव वाढवतील," ती म्हणाली.

"वाढवू द्या. चिंचबर्डीत पलीकडचा भाव देते कोन?" तो म्हणाला. "तरी घेसान तुमी?"

तिने आईकडे पाहिलं. भिमाबाई पाच नंबरच्या भिंतीला टेकून बसली होती, आणि भिंतीआडच्या कुणाशी तरी हलक्या आवाजात बोलत होती. मध्येच हसली. वडील गेल्यापासून महामायाने आईला असं, दुसऱ्या बाईशी बोलताना हसतात तसं, हसताना पाहिलं नव्हतं.

"घेईन," महामाया म्हणाली. "पण कपडे टांगायचं काम सोडा तुम्ही."

"मंग लोकाइले वस्ती कशी दिसंल?"

"तुम्ही राहायले या."

त्याने विहिरीतल्या पाण्याकडे पाहिलं. बाभळीवरचा कापूस हलत नव्हता. तिला वाटलं, आपण फार पुढे गेलो, आता हा मान खाली घालून 'मॅडम' म्हणेल आणि सगळं संपेल.

"तुम्हाले भीती वाटते काय?" तिने विचारलं.

"एकट्याले वाटते," तो म्हणाला. मग हळूच, "कोनत्या नंबरात येऊ राहाले?"

"सात."

प्रसेनजितने तिचा हात धरला. लग्नाचं ठरवताना माणूस घरातल्या थोरांकडे एकदा पाहून घेतो, तसं त्याने पाच नंबरकडे पाहिलं. त्या घराची किल्ली त्याच्याच खिशात होती. तरी मागचं दार आतून हळूच उघडलं, आणि उंबऱ्याआत कुणीतरी दोघांसाठी पाट मांडले.